आठ नंबरचा आठवा

स्पास मिंचेवला कुणालाच नाही म्हणता येत नसे. त्यामुळे त्याच्या घरात दोन शिवणयंत्रं होती, एक न वाजणारा अकॉर्डियन होता, आणि शेजाऱ्यांनी ‘चार दिवस सांभाळा’ म्हणून परसात आणून बांधलेली शेळी सहा वर्षं तिथेच राहत होती. त्यामुळेच एका ऑगस्ट महिन्यात तो संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला.

उभा राहिला म्हणणंही तसं जास्तच झालं. त्याला उभं केलं. टोपोलेत्सचा सबंध जिल्हा मिळून एकच मतदारसंघ होता आणि त्यातून चार खासदार निवडून जात. प्रत्येक पक्षाने आठ नावांची यादी द्यायची, आणि ज्याला जेवढी मतं त्या मानाने त्याला जागा मिळायच्या. कामेन द्राझेवच्या सलोखा पक्षाला एक जागा मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कामेनची, हेही ठाऊक होतं. यादीतली खालची सात माणसं म्हणजे लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी करतात तशी. त्यातली सहा मिळाली होती. सातवं मिळत नव्हतं.

कामेन धक्क्यावर आला तेव्हा स्पास नेहमीप्रमाणे पाणी मोजत होता. डॅन्यूबच्या काठावर दगडी पायऱ्यांना लागून एक मोजपट्टी रोवलेली होती. एकोणतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता स्पास त्या पायऱ्या उतरे, पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते पाही, वहीत लिही आणि जिल्ह्याच्या कचेरीला फोन करून आकडा सांगे. एवढंच त्याचं काम. आयुष्यात एवढंच आपल्याला नीट जमतं, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं.

‘‘स्पास, एक नाव कमी पडतंय रे,’’ कामेन वरच्या पायरीवरून म्हणाला. दोघे शाळेत एका वर्गात होते. तेव्हापासून कामेन वरच्या पायरीवरूनच बोलत आलेला.

‘‘कशाला?’’

‘‘यादीला. सातांची यादी दात पडल्यासारखी दिसते. तू शेवटचा, आठवा. तिथून कुणी निवडून येत नसतं, घाबरू नकोस.’’

‘‘पण मला भाषण वगैरे...’’

‘‘छे, छे! तू बोललास तर असलेली मतं जातील. नुसती सही कर.’’

‘‘बरं,’’ स्पास म्हणाला.

मग पक्षांना आकडे देण्यासाठी चिठ्ठ्या काढल्या आणि सलोखा पक्षाला आठ आकडा आला. कामेन भलताच खूश झाला. आठ म्हणजे दोन गोल पाव एकावर एक ठेवलेले, आंधळ्यालाही हाताने चाचपून कळेल! त्याने आपल्या वाळू वाहणाऱ्या पडावांवर आठ रंगवले. बेकरीतून आठाच्या आकाराची बिस्किटं भाजून घेतली. गावोगावच्या वाचनालयांच्या सभागृहांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमवून त्याने शिकवणीच सुरू केली.

मतपत्रिका तशी साधी होती. डावीकडे चौकोनांत पक्षांचे आकडे आणि उजवीकडे गोलांत उमेदवारांचे, एक ते आठ; कुठल्या आकड्याला कोण, ती नावं मतदानाच्या खोलीत यादीवर लावलेली असत. डावीकडे पक्षाला फुली मारायची. यादीतला एखादा माणूस विशेष पसंत असेल तर उजवीकडे त्याच्या आकड्यालाही एक फुली, नसेल तर उजवी बाजू कोरी सोडायची. हे समजावणारं चार पानी पत्रक निवडणूक आयोगाने घरोघर वाटलं होतं. कामेनने त्या चार पानांचं एक वाक्य केलं.

‘‘काय दिसलं की?’’ तो व्यासपीठावरून विचारी.

‘‘आऽऽठ!’’ सभागृह ओरडे.

‘‘मग काय करायचं?’’

‘‘फुऽऽली!’’

व्यासपीठाच्या टोकाला, कुंडीतल्या रबराच्या झाडामागे, स्पास बसलेला असे. तिसऱ्या गावात त्याच्या मनात एक शंका आली. आठ दिसला की फुली हे खरं, पण त्या कागदावर आठ दोनदा दिसतो. त्याने सभेनंतर कामेनची बाही हलकेच ओढली.

‘‘कामेन, त्या मतपत्रिकेवर उजवीकडे...’’

‘‘आत्ता नको रे. माशाचं सूप गार होतंय.’’

स्पासने बाही सोडली. कामेनला एवढी माणसं ऐकतात म्हणजे त्याला कळतच असणार. आपली शंका बहुधा खुळचट असेल.

* * *

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सकाळी पाणी एकशे एक्केचाळीस सेंटिमीटर होतं. स्पास आकडा लिहीत होता तेवढ्यात ग्रोझ्दान न्हावी पांढऱ्या अंगरख्यासकट धक्क्यावर धावत आला. पाठोपाठ त्याचं अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक, गळ्यात टॉवेल.

‘‘स्पासभाऊ! आलास तू!’’

‘‘मी रोजच येतो की,’’ स्पास म्हणाला.

‘‘अरे, निवडून आलास!’’

स्पासने आधी पाण्याकडे पाहिलं. पाण्यात काही बिघडलेलं नव्हतं.

प्रकार असा झाला होता. सलोखा पक्षाला जिल्ह्यात नऊ हजार सहाशे चाळीस मतं पडली आणि अंदाजाप्रमाणे एक जागा मिळाली. ती जागा यादीतल्या पहिल्याची. पण पक्षाच्या मतदारांपैकी शेकडा सात जणांनी जर कुणाला उजवीकडे खास पसंती दिली असेल, तर तो यादीत वर सरके, आणि अशांत ज्याची पसंती सर्वांत जास्त त्याची जागा. कामेनला अकराशे दोन जणांनी पसंती दिली होती. स्पास मिंचेवला दोन हजार तीनशे सतरा जणांनी.

‘‘दोन हजार तीनशे सतरा,’’ स्पासने पुन्हा म्हणून पाहिलं. आणि सवयीने वहीत लिहिलंही. मग नदीच्या रकान्यात ते शोभेना म्हणून खोडलं.

दुपारी कामेन घरी आला. स्पासला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण कामेन हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

‘‘आठ-आठ! दोन्हीकडे आठ! चूक माझीच. मी शिकवण्यात फारच हुशार निघालो.’’ त्याने डोळे पुसले. ‘‘बरं, ते राहू दे. शुक्रवारी दहा वाजता नोटरीकडे ये. तू नाकारलंस की जागा माझ्याकडे येते, कायद्यात तशी सोय आहे. नाकारतोस ना?’’

‘‘हो, हो,’’ स्पास म्हणाला.

‘‘शहाणा आहेस.’’ कामेनने जाता जाता दारातल्या शेळीच्या पाठीवर थाप मारली.

सगळं इथेच संपलं असतं. स्पासलाही तेच हवं होतं. पण त्या संध्याकाळी राजधानीतल्या एका वाहिनीने बातमी दिली की टोपोलेत्सच्या लोकांना मतपत्रिका वाचता येत नाही. निवेदिका हसली. तिच्या शेजारचा तज्ज्ञ हसला. त्याने ‘अडाणी मतदारसंघ’ असे शब्द वापरले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी चौकात येऊन उभी राहिली तेव्हा सगळं टोपोलेत्स कपडे बदलून तयार होतं.

‘‘तुम्ही चुकून आठवर फुली मारलीत का?’’ वार्ताहर मुलीने ग्रोझ्दानला विचारलं.

‘‘चुकून?’’ ग्रोझ्दानने हातातली कात्री खाली ठेवली. ‘‘बाई, मी छत्तीस वर्षं लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरतोय. मी चुकून काहीही करत नाही. स्पास मिंचेव हा माणूस मी पारखून घेतलाय.’’

‘‘काय पाहून?’’

ग्रोझ्दानने कात्री पुन्हा उचलली. ‘‘डोकं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘त्याचं डोकं मी जवळून पाहिलंय.’’

त्यानंतर एकेक जण पुढे येऊ लागला. पोस्टातल्या बाईंनी सांगितलं की त्या स्पासच्या कार्याकडे फार दिवसांपासून लक्ष ठेवून आहेत. लोणच्याच्या कारखान्यातल्या बाराच्या बारा बायकांनी एकमताने ठरवून मत दिलं होतं. एकाने स्पासने आपली बुडणारी गाय वाचवल्याचं सांगितलं आणि गायीचं वर्णन करता करता त्याने रुमाल काढला. कामेनचा ड्रायव्हरसुद्धा कॅमेऱ्यासमोर म्हणाला, ‘‘मी पूर्ण विचार करून स्पासकाकांना दिलं.’’ मग आपण कुणाचे ड्रायव्हर आहोत हे त्याला आठवलं आणि तो गर्दीत दिसेनासा झाला.

दोन हजार तीनशे सतरा मतं, आणि त्यातलं एकही चुकीचं नाही! उलट बुधवारपर्यंत हिशेब पुढेच सरकला होता. ज्याला त्याला विचारलं तर निदान चार हजारांनी तरी स्पासला मुद्दाम मत दिलेलं निघत होतं.

स्पास दारं लावून घरात बसला होता. टीव्हीवर त्या गायीची गोष्ट ऐकून तो कासावीस झाला.

‘‘मी कुठलीच गाय वाचवली नाही गं.’’

‘‘वाचवली असशील,’’ वेनेता, त्याची बायको, म्हणाली. ती घेवड्याचं सूप वाढत होती. ‘‘तुला कुणी सांगितलं असतं तर नाही म्हणाला असतास का?’’

स्पासने चमचा सुपात बुडवला आणि तसाच ठेवला. ‘‘वेनेता, तू तरी मला...?’’

‘‘मी? मी पाच नंबरला दिलं. नेहमीचं.’’

‘‘नवरा उभा असताना?’’

‘‘तूच म्हणालास ना, नुसतं नाव आहे म्हणून? नुसत्या नावाला मत देऊन वाया कशाला घालवू?’’ मग तिला जरा वाईट वाटलं असावं. तिने पावाचा कडेचा तुकडा, तो त्याला आवडे, त्याच्या ताटलीत ठेवला. ‘‘आणि तू स्वतःला दिलंस?’’

‘‘छे! स्वतःला कसं द्यायचं? बरं दिसत नाही. मी कामेनला दिलं. डावीकडे आठ, उजवीकडे एक.’’

‘‘म्हणजे सबंध टोपोलेत्समध्ये मतपत्रिका नीट वाचलेला एकटा तू,’’ वेनेता म्हणाली, ‘‘आणि तूही तुला दिलं नाहीस.’’

हे त्याच्या मनाला लागलं. रात्रभर तो कूस बदलत राहिला. खासदारकी त्याला नको होती. राजधानी सोफियातल्या त्या मोठ्या सभागृहात उभं राहून दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी त्याला धक्क्यावर पळून यावंसं वाटे. पण एक गोष्ट कळायला हवी होती. दोन हजार तीनशे सतरा फुल्यांत एक तरी फुली कुणी त्याच्यासाठी, त्याचं नाव वाचून मारली होती का? एकही नसेल तर नाकारायला काहीच हरकत नाही, ज्याचं त्याला परत. पण एक जरी असेल, तर शुक्रवारी सही करणं म्हणजे घरी आलेल्या त्या एका माणसाच्या तोंडावर दार लावणं. आणि ते तर त्याला शेळीच्या बाबतीतही जमलं नव्हतं.

पंचाईत अशी, की खरं मत आणि चुकलेलं मत कागदावर हुबेहूब सारखंच दिसणार. डावीकडे आठ, उजवीकडे आठ. म्हणजे माणसांनाच विचारायला हवं. आणि माणसं या आठवड्यात खरं बोलत नव्हती.

गुरुवारी त्याने रजा टाकली नाही, पण पाणी मोजून झाल्यावर तो वही घेऊन गावात फिरला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच तो आपणहून कुणाच्या दारात गेला होता. सगळ्यांनी त्याला बसवलं, घरी गाळलेली रकिया पाजली, मुद्दाम मत दिल्याचं सांगितलं. का दिलं ते विचारलं की गडी गडबडायचा. एकाने स्पासच्या भाषणांची स्तुती केली. एकाने त्याच्या वडिलांची केली, पण ते वडील दुसऱ्याच मिंचेवचे निघाले. पाचव्या पेल्यानंतर स्पासला पायऱ्या नीट दिसेनात. तो खालच्या आळीत त्सोना आजीच्या अंगणात बाकावर टेकला.

त्सोना आजी मिरच्या ओवत बसली होती. वय ब्याऐंशी, नजर तिखट.

‘‘आजी, तुम्ही कुणाला मत दिलंत?’’

‘‘तुला. मुद्दाम.’’

‘‘माझं नाव काय, आजी?’’

तिने एक मिरची ओवली, दुसरी ओवली. ‘‘आठ,’’ ती म्हणाली.

आजीने सुई मिरचीत खोचून ठेवली.

‘‘हे बघ बाळा. तो कामेन म्हणाला, आठ दिसला की फुली. मला दोन आठ दिसले. दोन फुल्या मारल्या. तीन दिसले असते तर तीन मारल्या असत्या. सांगतील तसं करावं आणि घरी यावं, मला मिरच्या वाळवायच्या होत्या. पण टीव्हीवाल्या पोरीला हे सांगितलंस तर बघ! माझी सून तिकडे प्लोवदिवला बसून टीव्ही बघते, तिला एवढंच हवंय.’’

‘‘नाही सांगत, आजी.’’

‘‘आणि तू असा तोंड पाडून का बसलायस? वाईट आहेस का तू?’’

‘‘माहीत नाही,’’ स्पास अगदी मनापासून म्हणाला.

‘‘मग जेवून जा.’’

तिच्याकडचा कांदा भरलेला, पदर सुटलेला बानित्सा खाताना त्याच्या मनात आलं की गावात खरं बोलणारी ही एकटीच, आणि तिचं खरं हे असं आहे. वहीत त्याने लिहिलं: खरी मतं, शून्य. मोजपट्टीचे आकडे लिहायचा तसंच, नीट, वळणदार.

* * *

शुक्रवारी सकाळी सात वाजता तो शेवटच्या पायरीवर वाकलेला असताना मागे टाचांचा आवाज आला. कामेनची बायको नेदा, हातात पिशवी. बाजारात जायची ही वेळ नव्हती आणि धक्का वाटेवरही नव्हता.

‘‘किती आहे?’’ तिने विचारलं.

‘‘एकशे अडतीस. तीनने उतरलंय.’’

‘‘मला आकडे ऐकायला आवडतात हो, स्पासभाऊ. पूर्वी रोज ऐकायची.’’

त्याला आठवलं. जिल्ह्याच्या कचेरीत फोनवर पूर्वी एक बाई असे. ‘‘लिहिला,’’ एवढाच शब्द ती उच्चारी. लग्नाआधीपासून नोकरी करणारी नेदा तिथे टेलिफोनवर होती हे त्याने ऐकलं होतं, पण तो आवाज आणि ही बाई त्याने कधी जोडून पाहिली नव्हती.

‘‘पुराच्या वर्षी,’’ नेदा म्हणाली, ‘‘एप्रिलमध्ये. शनिवार होता. तुम्ही सकाळी फोन केलात. आकडा आठवतो?’’

तो आकडा त्याने त्या फोननंतर आठ वर्षांत पुन्हा कुणाला सांगितला नव्हता. त्या सकाळी कामेन, तेव्हाचा उपनगराध्यक्ष, याच धक्क्यावर आला होता. खालच्या आळीपुढचा नवा बांध त्याने बांधून घेतला होता, महिन्यापूर्वी फीत कापली होती. पाणी नऊशेच्या वर गेलं की आळी रिकामी करायची असा नियम. ‘आठशे नव्वद सांग,’ कामेन म्हणाला होता, ‘लोक उगाच घाबरतात. बांध धरेल.’ आणि स्पास म्हणाला होता, ‘बरं.’ तोंडावर, स्पष्ट, बरं. कामेन गेला. मग स्पासने पट्टीकडे पाहिलं. पट्टीवर जे होतं तेच वहीत लिहिलं आणि तेच फोनवर सांगितलं, कारण दुसरा आकडा लिहायला हातच वळेना. दुपारपर्यंत आळी रिकामी झाली. संध्याकाळी त्या घरांत छातीभर पाणी होतं. वरच्या गावच्या मोजणीवरून आदेश निघाला असेल, असं कामेन समजला. आणि स्पासला आजवर एकच टोचणी होती, की आपण शाळासोबत्याला तोंडावर हो म्हटलं आणि पाठीमागे तसं केलं नाही.

‘‘नऊशे बारा,’’ नेदा म्हणाली. ‘‘मीच लिहिला. मी म्हटलं, साहेब तर आत्ताच सांगून गेले की आठशे नव्वद येईल. तुम्ही म्हणालात, ‘बाई, मी साहेबांना बरं म्हणालोय. पण पाणी नऊशे बारा आहे.’ माझी आई खालच्या आळीत राहायची. गुडघे गेले होते तिचे. खाटेसकट उचलून आणली तिला.’’

स्पास एक पायरी वर चढला.

‘‘मला दोन्ही आठ वाचता येतात,’’ नेदा म्हणाली. ‘‘डावीकडचाही आणि उजवीकडचाही. नाव वाचून, चष्मा लावून, सावकाश मारली मी फुली. आज तुमची सही आहे म्हणून कळवायला आले. पुढे तुम्हाला वाटेल ते करा.’’

‘‘पण कामेन...’’

‘‘कामेनला मी तेहतीस वर्षांपूर्वी निवडलंय. एका माणसाला किती वेळा निवडायचं?’’ तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ‘‘आणि हे त्याला सांगू नका हं. अजून मला त्याच्याबरोबर राहायचंय, वाईट नाही तो. फक्त त्याला आकडे कमी करून हवे असतात.’’

ती गेली. स्पास पायरीवर बसला. मग त्याने वही उघडली, कालच्या शून्यावर एक आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं: एक. लिहून झाल्यावर तो त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसला. दोन हजार तीनशे सतरा ऐकून झालं नव्हतं तसलं काहीतरी त्याला होत होतं.

* * *

नोटरीबाईंच्या कचेरीत दहा वाजता कामेन नव्या टायमध्ये हजर होता. शिवाय काही जण जिन्यात उभे होते. ग्रोझ्दान तर आपलं दुकान बंद करून आला होता.

‘‘आयोगाला निवेदन स्वहस्ताक्षरात हवंय,’’ नोटरीबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर होता आणि आवाज कागदासारखा कोरडा. ‘‘छापील चालत नाही. इथे बसा, लिहा. नंतर मी मोठ्याने वाचते आणि शिक्का मारते.’’

‘‘मी सांगतो, तू लिही,’’ कामेन म्हणाला. ‘‘लिहायला तू पहिल्यापासून चांगला. घे. मी, स्पास मिंचेव...’’

‘‘हो,’’ स्पास म्हणाला आणि लिहू लागला.

‘‘...सलोखा पक्षाच्या यादीतला आठवा उमेदवार...’’

‘‘हो, हो.’’

‘‘...माझ्या पसंतीची मतं गैरसमजातून पडली असल्याने...’’

‘‘हो.’’

‘‘...खासदारपद नाकारतो. आणि ते आमचे नेते श्री. कामेन द्राझेव यांनी... लिहितोयस ना?’’

‘‘हो, हो,’’ स्पास म्हणाला. त्याचा कान लाल झाला होता, पण अक्षर नीट, वळणदार उतरत होतं. पाण्याचे आकडे लिहिताना उतरे, तसंच.

कामेन समाधानाने खिडकीशी गेला आणि टाय सारखा करू लागला. स्पासने सही केली. नोटरीबाईंनी कागद घेतला, घसा साफ केला आणि वाचलं:

‘‘मी, स्पास मिंचेव, सलोखा पक्षाच्या यादीतला आठवा उमेदवार. मला बहुतेक मतं गैरसमजातून पडली आहेत. सगळी नाहीत. म्हणून मी खासदारपद स्वीकारतो. मला भाषण येत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. सही.’’

जिन्यात कुणाला तरी खोकला आला. कामेन खिडकीपासून वळला.

‘‘काय वाचलंत?’’

‘‘लिहिलंय ते,’’ नोटरीबाई म्हणाल्या.

‘‘पण हा हो म्हणाला! तुमच्यासमोर! चार वेळा!’’

‘‘सहा वेळा,’’ नोटरीबाईंनी दुरुस्त केलं. ‘‘मी बोललेल्यावर शिक्का मारत नाही, द्राझेव साहेब. कागदावर मारते.’’ आणि त्यांनी मारला. त्या आवाजाने स्पास दचकला.

जिन्यात टाळ्या पडल्या. ‘‘म्हटलं नव्हतं, डोकं बघितलंय मी त्याचं!’’ ग्रोझ्दानचा आवाज आला.

कामेन खुर्चीत बसला. त्याला राग येत होता, पण पुरता येत नव्हता. चेहऱ्यावर राग आणि अचंबा एकमेकांना ढकलत होते. पन्नास वर्षांत या माणसाने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि तसं पाहिलं तर आत्ताही म्हटलं नव्हतं.

‘‘स्पास,’’ तो अखेर म्हणाला, ‘‘मला एकच सांग. सगळी नाहीत म्हणजे काय? तुला कुणी खरंच मत दिलंय? समजून-उमजून?’’

‘‘हो.’’

‘‘किती जणांनी?’’

‘‘एकाने.’’

‘‘एकाने!’’ कामेन पुढे झुकला. ‘‘कोण तो? नाव सांग त्या माणसाचं!’’

स्पासने टोपी उचलली. त्याला सोमवारची गाडी गाठायची होती, शेळीची सोय लावायची होती, आणि सकाळी सात वाजता पट्टी कोण वाचणार हे ठरवायचं होतं. या सगळ्यांहून आधी त्याला एक शब्द उच्चारायचा होता, जो त्याने साठ वर्षांत कुणाच्या तोंडावर उच्चारला नव्हता. त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. मग फारच रुक्ष वाटलं म्हणून त्याने घाईघाईने पुढे जोडलं, ‘‘मतदान गुप्त असतं रे, कामेन.’’